बुधवारची गाणी, गुरुवारच्या बातम्या

१९७२ सालच्या अखेरीस 'बिनाका गीतमाला' या हिंदी चित्रपटगीतांच्या क्रमवारीच्या रेडिओ-मालिकेच्या वार्षिक कार्यक्रमात पहिल्या पायदानावर, म्हणजे पहिल्या क्रमांकावर, जे गाणे वाजले, ते 'दम मारो दम' होते. आशा भोसले यांचा आवाज, राहुलदेव बर्मन यांचे संगीत आणि गिटारची ती सुरुवात आजही कोठे कानावर पडली, की ऐकणारा क्षणभर थांबतो. त्याच वर्षी महाराष्ट्रावर, सलग तिसऱ्या वर्षी, पावसाने पाठ फिरवली होती. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्यात खरीप हातचे गेले होते, रब्बीची पेरणीच झाली नव्हती, आणि दिवाळीच्या आधीच माणसे दुष्काळी कामांवर जाऊ लागली होती. या दोन गोष्टी एकाच वर्षाच्या आहेत हे मला माहीत होते, परंतु त्या शेजारी ठेवून मी कधी पाहिल्या नव्हत्या. गेल्या काही महिन्यांत, निवृत्तीनंतर मिळालेल्या सवडीत, मी गीतमालेच्या वार्षिक याद्या घेऊन गावातल्या वाचनालयात बसते आणि त्या त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांचे बांधीव अंक उलटते. सत्तरच्या दशकातली गाणी आणि बातम्या अशा एकत्र वाचताना मनात जे उमटत गेले, ते येथे मांडते आहे.

ज्यांनी तो कार्यक्रम ऐकलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. गीतमाला सुरू झाली ३ डिसेंबर १९५२ रोजी, आणि तीही भारतातल्या केंद्रावरून नव्हे, तर श्रीलंकेतल्या कोलंबोच्या रेडिओ सिलोनवरून. त्या वेळचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ होते. शास्त्रीय संगीतावर त्यांचे मनापासून प्रेम होते, आणि त्या प्रेमापोटीच त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीचे दरवाजे जवळपास बंद केले. श्रोते अर्थातच थांबले नाहीत. त्यांनी रेडिओचा काटा कोलंबोकडे फिरवला. सरकारला चूक उमगली आणि १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीची गाण्यांची सेवा, विविध भारती, सुरू झाली, तरी बुधवारी रात्री आठ वाजता कोलंबो लावायची सवय मोडली नाही. रेकॉर्डच्या दुकानांतून येणारे विक्रीचे आकडे आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रे यांवरून गाण्यांची क्रमवारी ठरत असे, आणि अमीन सायानी ती जाहीर करत. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले, तेव्हा माझ्या पिढीतल्या अनेकांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

या व्यवस्थेचा एक परिणाम मला आज फार महत्त्वाचा वाटतो. देशाच्या बातम्या आम्हाला सरकारच्या केंद्राकडून मिळत, आणि देशाची आवडती गाणी कोणती हे शेजारच्या बेटावरून कळे. आमच्या घरचा रेडिओ जुना, व्हॉल्व्हचा होता. तो तापायला वेळ लागे आणि केंद्र नीट लागले की त्याच्यावरचा हिरवा डोळा मिटत येई. सकाळी सातनंतर आण्णा, म्हणजे माझे वडील, पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लावत. बुधवारी संध्याकाळी तोच काटा लघुलहरींवर जाई, आणि मग समुद्र ओलांडून येणारा आवाज कधी अगदी जवळ, कधी दूर गेल्यासारखा ऐकू येई. रेडिओचा परवाना दरवर्षी पोस्टातून नवा करून घ्यावा लागे. ते छोटे पुस्तक आण्णा रेशन कार्डासोबत पत्र्याच्या पेटीत ठेवत. गावात रेडिओ मोजक्याच घरांत होते, त्यामुळे आमच्या ओट्यावर बुधवारी माणसे जमत.

दशकाच्या आरंभीची दोन वर्षे मी भराभर चाळली. १९७० ला 'बिंदिया चमकेगी' पहिले होते आणि १९७१ ला 'जिंदगी एक सफर है सुहाना'. या दुसऱ्या गाण्याचे संगीतकार शंकर-जयकिशन. त्यांतले जयकिशन त्याच वर्षी १२ सप्टेंबरला वारले. डिसेंबरात युद्ध झाले, ते १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीने संपले. युद्धाच्या त्या दिवसांत रेडिओ दिवसभर चालू असे. माझ्या आठवणीत मात्र युद्धाच्या बातम्या आणि किशोरकुमार यांचे ते बिनधास्त योडलिंग एकमेकांत इतके मिसळलेले आहे, की एकाची आठवण काढली की दुसरे आपोआप ऐकू येते.

१९७२ पाशी मात्र मी थांबले, आणि खरे तर अजून तेथेच आहे.

वर्तमानपत्रातल्या त्या वर्षाच्या आणि पुढच्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांच्या बातम्या वाचताना एक एक शब्द परत आला. खडी, नालाबंडिंग, पाझर तलाव, हजेरीपट, मुकादम, सुकडी, मिलो. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरे आणि खाताना घशात अडके. सुकडी म्हणजे कोरडे पौष्टिक खाणे; ती कामावर वाटली जाई, आणि बायका ती पदरात बांधून घरी मुलांसाठी आणत. आमच्या गावाबाहेर रस्त्याचे काम निघाले होते. शाळेत जाताना ते रोज दिसे: तळपत्या उन्हात बायका ओळीने बसलेल्या, पुढ्यात दगडांचा ढीग, डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, आणि उजव्या हातातली हातोडी एका लयीत वर-खाली होत असलेली. कपच्या डोळ्यांत उडू नयेत म्हणून प्रत्येक घावाला मान किंचित वळे. त्यांत बागायतदारांच्या घरच्या बायकाही होत्या, ज्या याआधी दुसऱ्याच्या बांधावर कधी गेल्या नव्हत्या. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. त्याच मे महिन्याच्या ११ तारखेला 'जंजीर' प्रदर्शित झाला, आणि वर्षाअखेरीस त्यातलेच 'यारी है ईमान मेरा' गीतमालेत पहिले आले.

त्या बांधीव अंकांतले एक पान मी बराच वेळ पाहत राहिले. वरच्या अर्ध्या भागात जनावरांच्या छावण्यांविषयी आणि टँकरविषयीच्या बातम्या होत्या, आणि खाली उजव्या कोपऱ्यात चित्रपटगृहांच्या जाहिराती. छापताना कोणी मुद्दाम ती मांडणी केलेली नव्हती. पान भरायचे म्हणून भरले होते. एखाद्या टीकाकाराला यातून सहज निष्कर्ष काढता येईल की लोक उपाशी होते आणि करमणुकीचा धंदा आपल्याच नादात होता. मला हा निष्कर्ष पटत नाही, कारण आमच्या ओट्यावर बुधवारी येणाऱ्यांत खडीवरून परतलेल्या बायकाही असत. हातपाय धुऊन, लेकरू काखेत घेऊन त्या ओट्याच्या कडेला टेकत. त्यांतली एक जण आण्णांना नेहमी म्हणे, "गुरुजी, जरा मोठ्यानं लावा की, त्या बाईचं गाणं लागलंय." ती बाई म्हणजे आशाबाई, आणि ते गाणे म्हणजे 'दम मारो दम'. त्यातली हिंदी तिला कळत नव्हती, पडद्यावर त्या गाण्यात दिसणारे हिप्पी म्हणजे कोण हे आम्हांला कोणालाच माहीत नव्हते. तिला तो ठेका हवा होता. दिवसभर दगडावर ऐकलेल्या ठोक्यांनंतर तिला दुसरा ठेका ऐकायचा होता, आणि तो तिचा हक्क होता, असे मी आज ठामपणे म्हणेन.

प्रश्न निराळाच आहे. ओट्यावर येणारी ती बाई स्वतः जे गात असे, ते कोणत्या यादीत होते? पहाटे तिच्या घरातून जात्याची घरघर आणि तिच्यासोबत ओवी ऐकू येई. त्या वर्षी रेशनचा मिलो गिरणीवरून दळून येऊ लागला, कारण पहाटे दळायला बसण्याइतकी ताकद आणि सवड तिच्याकडे उरली नव्हती, आणि जाते कित्येक दिवस बंद राहिले. रेकॉर्डच्या दुकानात तिची ओवी विकली जात नव्हती, आणि श्रोता संघात पत्र लिहिणारे ती पाठवणार नव्हते. लोकप्रियतेची मोजणी जेथे होत होती, तेथपर्यंत पोहोचायला विकत घेण्याची किंवा लिहिण्याची ऐपत लागत असे. गीतमालेच्या यादीत मला खोट दिसत नाही. तिने जे मोजले ते प्रामाणिकपणे मोजले. परंतु पन्नास लाख माणसांच्या तोंडी त्या उन्हाळ्यात काय होते, हे तिला विचारून कळणार नाही.

दुष्काळाने महाराष्ट्राला एक मोठी गोष्ट मात्र दिली, आणि तिचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्याने हाती घेतली. १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि पुढे देशपातळीवरच्या रोजगार हमीला तिचाच आधार मिळाला. दगड फोडणाऱ्या त्या बायकांनी काम मागितले, कामासाठी कचेऱ्यांवर मोर्चे नेले, म्हणून ते घडले. मुंबईत त्याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. थाळीवर लाटणे आपटल्याचा तो आवाजही त्या दशकाचा एक लोकप्रिय आवाज होता, असे मी मानते.

१९७४ चे पहिले गाणे 'मेरा जीवन कोरा कागज'. उदास, संथ, आणि किशोरकुमार यांच्या गळ्यातले एक उत्तम गाणे. त्या वर्षाच्या बातम्यांत संथ असे काहीच नव्हते. ८ मे रोजी रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला. जॉर्ज फर्नांडिस त्याचे नेते. गाड्या थांबल्या, हजारो कामगारांना अटक झाली, वसाहतींतून कुटुंबांना बाहेर काढण्यात आले. संप चालू असतानाच १८ मे रोजी पोखरणला अणुस्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पानावर संप खाली सरकला. महिनाअखेरीस तो मागे घेतला गेला. घाऊक किमती त्या वर्षभरात सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढल्या. गोडेतेल, साखर, रॉकेल यांच्या रांगा माझ्या पिढीच्या पायांना अजून आठवतात.

आणि मग १९७५. या वर्षाच्या यादीत पहिले आले ते 'बाकी कुछ बचा तो महंगाई मार गई'. मनोजकुमार यांचा 'रोटी कपडा और मकान' १९७४ च्या ऑक्टोबरात आला होता. वर्मा मलिक यांनी लिहिलेली ही कव्वाली लता मंगेशकर, मुकेश, नरेंद्र चंचल आणि जानीबाबू कव्वाल यांनी गायिली होती. माझ्या वाचनात आलेल्या दहा वर्षांत गाणे आणि बातमी एका ओळीत येऊन उभी राहिली, अशी ही एकच वेळ. रेशनच्या रांगेत उभा असलेला माणूस रांगेविषयीचेच गाणे गुणगुणत होता. आण्णांना हे गाणे मनापासून आवडे. चित्रपटगीतांना ते एरवी फारशी किंमत देत नसत, पण हे लागले की वर्तमानपत्र खाली ठेवत.

वर्षअखेरीस हे गाणे पहिले ठरले, तोवर देशात आणीबाणी लागू होऊन सहा महिने होत आले होते. २५ जूनच्या रात्रीनंतरचे अंक चाळताना हाताला जाणवते, ते हे की बातम्या अचानक शांत होतात. संप नाहीत, मोर्चे नाहीत, टंचाईची तक्रार नाही. वीस कलमी कार्यक्रम आहे आणि वेळेवर धावणाऱ्या गाड्या आहेत. चित्रपटांवरही सरकारचा तो हात पडला. त्या १५ ऑगस्टला आलेल्या 'शोले'चा मूळ शेवट सेन्सॉरच्या आग्रहाने बदलावा लागला. ठाकूर गब्बरला मारतो त्याऐवजी पोलीस येऊन त्याला ताब्यात घेतात. वर्षअखेरच्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू जाहीरपणे मांडली, आणि पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगात जावे लागले.

गाण्यांवरचा घाला आला तो १९७६ च्या मे महिन्यात. सरकारच्या प्रचाराच्या कामात सहकार्य करायला किशोरकुमार यांनी नकार दिला, आणि माहिती व नभोवाणी मंत्री विद्याचरण शुक्ल यांच्या खात्याने त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद केली. दोन वर्षांपूर्वी ज्यांचे गाणे देशात पहिले होते, त्यांचा आवाज विविध भारतीवरून नाहीसा झाला. कोणी जाहीर केले नाही, कोणी कारण सांगितले नाही. आम्हा मुलींना एवढेच कळले की दुपारी आवडीची गाणी लागतात त्यांत 'ती' गाणी लागत नाहीत. कोलंबोचे केंद्र त्या हुकमाच्या कक्षेबाहेर होते. बातमी ज्या सत्तेच्या ताब्यात, तिच्याच ताब्यात गाणे नसणे किती मोलाचे असते, हे मला या पानांपाशी नीट कळले. केसकरांच्या बंदीने श्रोत्यांना जी सवय लावली, ती वीसहून अधिक वर्षांनी अशी उपयोगी पडली.

१९७६ चे पहिले गाणे 'कभी कभी मेरे दिल में', आवाज मुकेश यांचा. ते २७ ऑगस्टला अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना डेट्रॉइटमध्ये गेले, त्यामुळे वर्षाअखेरीस ते गाणे वाजले तेव्हा गाणारा नव्हता. १९७७ ला 'हुस्न हाजिर है' पहिले आले. त्या 'लैला मजनू'चे संगीतकार मदनमोहन १९७५ च्या जुलैतच वारले होते, आणि राहिलेले काम जयदेव यांनी पूर्ण केले होते. दोन्ही गाणी साहिर लुधियानवी यांनी लिहिलेली. मार्च १९७७ मध्ये आणीबाणी संपली, सत्ता बदलली, लोकांनी रात्र रात्र जागून रेडिओवर निकाल ऐकले, आणि किशोरकुमार विविध भारतीवर परतले.

मराठी गाणी या सगळ्यात कोठे होती, असे कोणी विचारील. ती होती, आणि जोरात होती. फक्त त्यांची मोजदाद करणारा अमीन सायानी नव्हता. आकाशवाणीवरच्या 'आपली आवड'साठी पोस्टकार्डे जात आणि निवेदक नावे वाचून दाखवत, हीच आमची गीतमाला. दुष्काळाच्याच वर्षी व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' आला. जगदीश खेबुडकर आणि राम कदम यांच्या लावण्या उषा मंगेशकर यांनी अशा गायिल्या, की तंबूतल्या चित्रपटगृहांना गर्दी आवरेना. १९७७ च्या 'जैत रे जैत'मध्ये ना. धों. महानोर यांच्या शब्दांना हृदयनाथ मंगेशकर यांनी ठाकर आदिवासींच्या ढोलाची साथ दिली. १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये सुरेश भटांचे 'उषःकाल होता होता' आले. सत्तांतर होऊन दोन वर्षे झाली होती आणि जनता सरकार त्याच वर्षी कोसळले. ते गाणे ऐकताना घरातली मोठी माणसे एकदम गप्प होत. त्या दशकाची खरी बातमी देणारे एकच गाणे निवडायला सांगितले, तर मी हेच निवडीन.

तरीही १९७८ च्या पानांपाशी हेही गाणे अपुरे पडते. त्या वर्षी गीतमालेत 'अंखियों के झरोखों से' पहिले होते. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर कित्येक दिवस मराठवाड्यात दलित वस्त्या जळत राहिल्या. घरे, धान्य, गुरे गेली. माणसे मारली गेली. आमच्या बीड जिल्ह्यातूनही त्या बातम्या आल्या. जी बाई आमच्या ओट्यावर आशाबाईंचे गाणे मोठ्याने लावायला सांगत असे, ती गावाबाहेरच्या वस्तीत राहत होती, आणि त्या ऑगस्टात ती ओट्यावर आली नाही. तिच्या वस्तीत जी गाणी म्हटली जात, वामनदादा कर्डकांची, गावोगावच्या भीमशाहिरांची, ती आमच्या रेडिओने मला ऐकवली नाहीत. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १९९४ चा जानेवारी उजाडावा लागला.

या याद्यांनंतर मी आता दुसऱ्या एका संग्रहाकडे वळले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या 'पारी'च्या, म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या, संकेतस्थळावर सर्वांना खुल्या आहेत. तेथे प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या मी त्यात ऐकते आहे. माजलगाव आमच्याच जिल्ह्यातले. आवाज १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेले आहेत, म्हणजे गाणाऱ्यांपैकी ज्या वयाने मोठ्या होत्या त्यांनी दुष्काळ पाहिला असणार आणि १९७८ चा ऑगस्टही. त्यांतल्या कोणी खडीवर होत्या का, आणि तेथे बसून काय गात होत्या, हे नोंदीतून कळत नाही. आमच्या गावातल्या त्या वयाच्या बायकांकडे मी आता हेच विचारायला जाते. काहींना आठवते, काही जणी हसून टाळतात, आणि एकीने परवा दोन ओव्या म्हणून दाखवल्या, त्या मी वहीत उतरवून घेतल्या आहेत.